पेनल्टीचा मान

आमच्या फुटबॉलच्या मैदानाची मधली रेघ म्हणजे मुळात बांध आहे. वरचे शेत थोरल्या घराचे, खालचे माझे. भात कापून खळ्यावर गेले की दोन्ही घरची माणसे मिळून तो बांध उकरतात, माती दोन्ही अंगांना पसरतात, वरून म्हशी फिरवून जमीन चोपून घेतात, आणि शिमग्यापर्यंत तिथे खेळ चालतो. शिमगा झाला की बांध पुन्हा घालायचा, कारण पुढे शेताची कामे असतात. बांध दर वर्षी नवा, म्हणून तो दर वर्षी थोडा सरकतो, आणि कोणाच्या अंगाला सरकला यावरून दोन घरांचे बोलणे काही दिवस बंद असते. ही तक्रार नव्हे. मैदान कसे आहे ते आधी कळावे, एवढेच.

थोरले घर म्हणजे माझ्या चुलतभावाचे. आमचे पणजे सख्खे भाऊ. चुली तेव्हाच वेगळ्या झाल्या. मी त्याला अण्णा म्हणतो आणि तो मला तम्मा म्हणतो. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. माझ्या मिशा पिकल्या तरी मी तम्माच आहे. गावात देवाच्या कामात पहिला मान थोरल्या घराचा, दुसरा आमचा, आणि तिसरा दिवटीवाल्या घराचा, म्हणजे पालखीपुढे दिवटी धरून चालणाऱ्यांचा. नव्या भाताची पहिली लोंबी अण्णाच्या दाराला लागते, मग माझ्या. देवळात पहिला नारळ त्याच्या हातात, दुसरा माझ्या. दुसरा नारळ लहान असतो असे नाही. मी हातात तोलून पाहिला आहे, कधी कधी तो पहिल्याहून जडही भरतो. पण तो दुसरा असतो.

फुटबॉल मला आवडू लागला त्याचे कारण इथेच आहे. हा खेळ आमच्याकडे घाटमाथ्यावरच्या रेल्वे स्टेशनातून आला. स्टेशनातल्या लोकांना संध्याकाळी खेळताना आमच्या गाडीवानांनी पाहिले आणि जुना चेंडू मागून आणला. त्यात पहिला-दुसरा असे काही नव्हते. चेंडूपाशी जो आधी पोचला, चेंडू त्याचा. माझा धाकटा भाऊ गावात सगळ्यांत वेगाने पळतो. रानात लाकूडकामाला जाणाऱ्यांत त्याच्याइतका चपळ कोणी नाही. तेव्हा मला वाटले, एक तरी गोष्ट अशी आली की जिथे धाकटे घर पुढे जाईल.

पण पहिल्याच वर्षी पेनल्टी आली.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोलाजवळच्या आखलेल्या जागेत समोरच्याने आपला माणूस पाडला तर पंच शिट्टी वाजवतो, चेंडू गोलासमोर ठेवतो, आणि आपल्यातला एकजण तो मारतो. समोर फक्त गोलकीपर असतो, बाकी सगळे मागे उभे. पहिल्यांदा असे झाले तेव्हा पाडला गेला होता माझा भाऊ. शिट्टी वाजली, चेंडू ठेवला गेला, आणि आमचे खेळाडू एकमेकांकडे बघत राहिले. सगळे गाव गप्प बसून बघणार, एकट्याने पुढे जायचे, एकट्याने मारायचे. हे तर देवळातल्या नारळासारखेच झाले. मग कोणीतरी काठावरून ओरडले, "थोरल्या घरानं मारा की!" अण्णाचा मुलगा, म्हणजे माझा चुलत पुतण्या, पुढे झाला. त्याने मारली आणि गोल झाला. एकदा झाले की आमच्याकडे ती रीत होते. त्यानंतर आमच्या गावाच्या, म्हणजे सुप्याच्या, संघाला मिळालेली प्रत्येक पेनल्टी थोरल्या घराने मारली. बाहेरच्या संघांना वाटते की तो आमचा पट्टीचा नेमबाज आहे. तो थोरल्या घरचा आहे, एवढेच.

ज्या वर्षाबद्दल मी लिहितो आहे त्या वर्षी चार संघ होते. आमचा सुप्याचा, स्टेशनाचा, लाकडाच्या डेपोचा, आणि घाटाखालून गोव्यातून येणारा एक. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे. जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटी ज्याचे गुण जास्त त्याला स्टेशनातल्या मंडळींनी करवून घेतलेली पितळी ढाल. माघ सरत आला तेव्हा प्रत्येकाचा एकेकच सामना उरला होता. स्टेशनाचे नऊ गुण होते, आमचे आठ, आणि शेवटचा सामना आमचा त्यांच्याशीच, आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तर ढाल त्यांची. जिंकलो तर आमची. हा हिशोब गावात सगळ्यांना पाठ होता.

दुसरा हिशोब मात्र मी एकट्याने केला होता. पाच सामन्यांत अण्णाच्या मुलाचे सात गोल झाले होते आणि माझ्या भावाचे तीन. बाजारात पानवाला पुतण्याला विडा फुकट देई. दिग्गीसारख्या आडरानातल्या गावाहून लोक त्याला पाहायला येत आणि म्हणत, "सात मारल्यान रे ह्यानं!" कोणी असे विचारत नसे की सातांतले किती पेनल्टीचे. मी सांगतो, चार. आणि त्या चारही पेनल्ट्या माझ्या भावाला पाडल्यामुळे मिळालेल्या. चारदा त्याची नडगी सोलली, चारदा माझ्या घरची हळद उगाळली गेली. ते चार गोल जिथले तिथे ठेवले तर भावाचे सात होतात आणि पुतण्याचे तीन. आकडे तेच, फक्त जागा बदलतात.

मी हे घरी बोललो की माझी बायको म्हणे, "अवो, गोल गावाचा न्हवं? तुमचं-आमचं कशाला करतासा?"

"गावाचा हाय तर विडा गावाला द्यावा पानवाल्यानं," मी म्हणे.

भाऊ ऐकून हसे आणि नडगीवरची वाळलेली हळद नखाने काढत बसे. त्याला मत्सर म्हणून काही माहीत नाही. त्याच्या वाटणीचाही मलाच करावा लागतो.

स्टेशनवाल्यांचा हेवा मला होताच. त्यांच्या पायांत बूट, अंगात एकसारखे पट्ट्यांचे सदरे, त्यांच्या गोलाला लोखंडी खांब. आमच्याकडे बांबू, आणि आडव्या दांडीच्या जागी सुंभाची दोरी. अर्ध्या वेळेला त्यांना लिंबाच्या फोडी मिळतात, सोलून, ताटात लावून. आमची पोरे ओढ्याचे पाणी पितात. पण तो हेवा सगळ्या गावाचा मिळून होता, आणि वाटून घेतला की हेवा हलका होतो. भावकीचा हेवा ज्याचा त्याने वाहायचा असतो.

शेवटच्या सामन्याला काही आठवडे उरले होते तेव्हा बायकोने सुइणीकडची बातमी आणली. पुतण्याची बायको शिमग्याच्या आधी बाळंत होणार. हे तिचे दुसरे बाळंतपण, म्हणून ती सासरीच होती. बायको ही बातमी आनंदाने सांगत होती. मला मात्र त्यातून वेगळेच काही दिसले. मूल जन्मले की घराला सोयर येते. सोयरात देवाचा मान चालत नाही. नारळ धरायचा नाही, पालखीला खांदा द्यायचा नाही. थोरल्या घराला दहा दिवस. त्या दहा दिवसांत जर सामना आला, आणि सामन्यात पेनल्टी आली, तर मान दुसऱ्या घराकडे येतो. आणि दुसरे घर माझे.

सोयर भावकीलाही लागते, हे मला ठाऊक होते. पण आमच्या चुली पणज्यांच्या वेळच्या वेगळ्या. इतक्या लांबच्या भावकीला तीनच दिवस पाळतात. आम्ही तसेच पाळत आलो आहोत. म्हणजे मूल सामन्याच्या आधीच्या आठवड्यात व्हावे, पण अगदी आदल्या दोन दिवसांत नको. मी बायकोला रोज विचारू लागलो, "कसं हाय पोरीचं?" तिला वाटले मी सुधारलो. तिने माझ्या नावाने लाडू पाठवले.

मूल मंगळवारी झाले. मुलगा झाला. तो त्यांना व्हायचाच होता. त्यांचे भातही आमच्याहून आधी पिकते. सामना रविवारी. मी तिन्ही दिवस नीट पाळले, देवळाची पायरी चढलो नाही. शुक्रवारी सकाळी नदीवर जाऊन आंघोळ केली आणि संध्याकाळी देवळाच्या अंगणात गेलो. तिथे सामन्याची बोलणी व्हायची होती. स्टेशनवाल्यांच्या बैलगाड्या कुठे सोडायच्या, पंच म्हणून डेपोतल्या कारकुनाला बोलवायचे, अशी कामे. अण्णा सोयरात असल्यामुळे अंगणाबाहेर फणसाखाली उभा होता. तिथूनच तो गाड्यांबद्दल सांगत होता आणि सगळे ऐकत होते. बाहेर उभा राहूनसुद्धा त्याचेच ऐकत होते.

गाड्यांचे ठरले. लोक उठायला लागले. मी गप्प बसलो असतो तर पुढचे काही झाले नसते. पण रीत आधी बोलून ठेवलेली बरी, आयत्या वेळी गोंधळ नको, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

मी म्हटले, "एक बोलायचं ऱ्हायलं. परवा पेनल्टी मिळाली तर?"

"मिळू दे की," कोणी तरी म्हणाले.

"मिळू दे, पण मारायची कुणी? थोरल्या घराला सोयर हाय."

मग मागून एकजण म्हणाला, "चामड्याच्या चेंडवाला कसलं आलंय सोयर? मेलेल्या म्हशीचं हाय ते."

लोक हसले. पण देवळाचा पुजारी हसला नाही. तो म्हातारा असल्या गोष्टीत थट्टा चालू देत नाही. तो म्हणाला, "चेंडवाला न्हाई, मानाला हाय. खेळू दे पोराला, पळू दे. पण मान म्हणून जे हाय ते धा दिस न्हाई."

"मग मान दुसऱ्या घराला," मी म्हटले.

"व्हय. रीत तीच हाय."

"म्हणजे आमच्या घराला."

पुजाऱ्याने माझ्याकडे पाहिले. "तुमास्नी न्हाई काय सोयर?"

"आमचं तीन दिसाचं. काल सरलं. सकाळी न्हाऊन आलोय."

"ते तुमच्या घरातलं, खाया-प्यायाचं," पुजारी म्हणाला. "देवाच्या मानाला भावकी एकच. एकाला धा तर दुसऱ्यालाबी धा. तुमी आज अंगणात कसं आलासा, त्येच मी मघाधरनं बघतोय."

मी उठलो आणि अंगणाबाहेर गेलो. दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून फणसाखालीच उभा राहिलो. अण्णा थोडा सरकला, मला सावली व्हावी म्हणून. सूर्य मावळला होता, सावलीची गरज नव्हती.

"तम्मा," तो हळूच म्हणाला, "तुझा हिशोब कधी चुकत न्हाई म्हणत्यात."

मी आत काय चालले आहे तिकडे कान दिला.

आत पुजारी म्हणत होता, "मग तिसरं घर. दिवटीवालं. त्यांचं कोण खेळतंय?"

सगळे एका बाजूला बघू लागले. दिवटीवाल्या घरचा एकच माणूस संघात होता, आमचा गोलकीपर. तो माझ्याच वयाचा. गुडघा अधू असल्याने त्याला पळता येत नसे, म्हणून गोलात उभा केलेला. हात मात्र मोठे होते. खेळ दुसऱ्या टोकाला असला की तो डाव्या बांबूला टेकून तंबाखू मळे. त्या संध्याकाळीही तो मळतच होता.

"मी?" तो म्हणाला. "मी गोलात असतोय. पेनल्टी त्या टोकाला. मी तिकडं गेलो तर आमचा गोल कोण राखंल?"

"देव राखंल," पुजारी म्हणाला, आणि बैठक संपली.

घरी पोचण्याआधी ही गोष्ट घरी पोचली होती. भाऊ ओट्यावर बसला होता. तो कधी माझ्याशी वाकडे बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "दादा, तू गप बसला असतास तर काय झालं असतं?"

"पुतण्यानं मारली असती."

"मारली असती आणि गोल झाला असता. तो पेनल्टी चुकत न्हाई."

"पाडायचं तुला आणि मारायची त्यानं?"

"मी पडतोय तवा गोल व्हावा म्हणून पडतोय," तो म्हणाला. "कुणाचा व्हावा म्हणून न्हाई." आणि आत जाऊन पडला. बायकोने मला जेवायला वाढले, पण मीठ मागितले तेव्हा ते ताटापासून लांब ठेवले.

रविवारी दुपारी स्टेशनवाले आले. बूट, सदरे, लिंबे, सगळे बरोबर. काठावर इतके लोक होते की बांधाची माती पसरून उरलेल्या ढिगांवरही माणसे उभी होती. गावचे मानकरी वडाखाली बसले, कारण तिथे देवाचा नारळ ठेवला होता. अण्णाला आणि मला तिथे जाता येत नव्हते. आम्ही दोघे मधल्या रेघेच्या टोकाला उभे राहिलो, म्हणजे जिथे बांध असता तिथे. एक पाय त्याच्या शेतात, एक माझ्या. इतका वेळ आम्ही शेजारी शेजारी उभे राहिल्याचे मला आठवत नाही.

पहिल्या अर्ध्यात स्टेशनाने एक गोल केला. सरळ गोल होता, बुटाच्या जोरावर. आमच्या गोलकीपरने हात लावला आणि मग हात झटकत राहिला. दुसऱ्या अर्ध्यात आमची पोरे माझ्या शेताच्या दिशेने खेळत होती. पुतण्याने बरोबरी केली. तो गोल कसा झाला ते मी लक्षपूर्वक पाहिले. चेंडू त्याने स्वतःच हिसकावला, दोघांना चुकवले, आणि डाव्या पायाने मारला. त्यात काही खोट सापडते का ते मी शोधले. सापडली नाही. अण्णा शेजारी उड्या मारत होता. मीही मारल्या, पण त्याच्याहून कमी.

आता एक-एक. बरोबरी उपयोगाची नव्हती. ऊन उतरले होते, पंच घड्याळ बघू लागला होता. तेवढ्यात माझ्या भावाला चेंडू मिळाला आणि तो माझ्या शेताच्या उजव्या कोपऱ्याकडून, जिथे मी शेणखताचा ढीग घालतो तिथून, आत घुसला. स्टेशनाच्या एका धिप्पाड माणसाने बुटासकट पाय घातला. नडगीचा आवाज मला रेघेपर्यंत ऐकू आला. डेपोच्या कारकुनाने शिट्टी वाजवली आणि हात गोलासमोरच्या जागेकडे केला.

पेनल्टी. माझ्या भावाच्या नडगीवर, माझ्या शेतात, माझ्या खताशेजारी.

स्टेशनाचे लोक बाजूला झाले आणि वाट बघू लागले. चेंडूपाशी कोणी जाईना. पुतण्या हात मागे बांधून उभा होता. भाऊ खाली बसून पाय धरून होता. स्टेशनाचा कॅप्टन पंचाला काही विचारू लागला. मग लोकांची नजर दुसऱ्या टोकाला गेली. आमचा गोलकीपर तंबाखू थुंकून, धोतराचा काचा नीट करून, चालत निघाला होता. पूर्ण मैदान त्याला ओलांडायचे होते आणि गुडघ्यामुळे तो भरभर चालू शकत नव्हता. आधी स्टेशनाच्या बाजूचे हसू लागले, मग डेपोचे, मग आमच्यातलेही काही. तो मधल्या रेघेवर आला तेव्हा आमच्या दोघांच्या अगदी समोरून गेला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. दिवटी धरल्यावर चालतो तसा चालत होता.

"तुझ्या भावाला लागलं काय रं?" अण्णाने विचारले.

"नेहमीसारखंच."

"माझ्या पोरानं मारली असती तर उजव्या कोपऱ्यात गेली असती."

"माझ्या भावानं मारली असती तर बांबू मोडला असता," मी म्हटले.

"व्हय की," तो म्हणाला. त्याने हे कबूल केल्याचे मला नवल वाटले. मग म्हणाला, "आता ह्यो कुठं मारणार, देव जाणे."

"त्यालाबी ठाऊक नसंल."

गोलकीपर चेंडूपाशी पोचला. खाली वाकला, चेंडूला हात लावून तो कपाळाला लावला. स्टेशनाचा गोलकीपर गुडघे वाकवून, हात पसरून तयार. आमच्याने दोन पावले मागे घेतली, तिसरे घेताना गुडघा दुखला असावा कारण तो थांबला, आणि मग तसाच पुढे येऊन मारली. अंगठा आधी जमिनीला लागला. धुरळा उडाला. स्टेशनाचा गोलकीपर तो धुरळा पाहूनच एका बाजूला झेपावला आणि आडवा झाला. चेंडू धुरळ्यातून मागाहून बाहेर आला. माझ्या शेतातला खेकडा बिळाकडे जातो तसा, कडेकडेने, थांबत थांबत निघाला. स्टेशनाचा माणूस पडल्या जागेवरून हात लांबवत होता. चेंडू रेघ ओलांडून आत गेला आणि तिथेच थांबला. वरची दोरी हललीसुद्धा नाही.

आधी कोणाला कळले नाही. मग पंचाने गोलाची आणि पाठोपाठ वेळ संपल्याची शिट्टी वाजवली, आणि जो गोंगाट झाला त्याने वडावरचे कावळे उठले. पुतण्या धावत गेला आणि त्याने गोलकीपरला मिठी मारली. माझा भाऊ लंगडत गेला आणि त्यानेही मारली. काठावरचे सगळे आत धावले. रेघेच्या टोकाला आम्ही दोघेच राहिलो.

"हा गोल?" अण्णा म्हणाला.

"गोलच. रेघ ओलांडली."

"ओलांडली, पण ही काय मारायची रीत झाली?"

"ढाल आपली झाली, अण्णा," मी म्हटले. मला आनंद झालाच होता. तो थोडा उशिरा आला, एवढेच. आधी दुसरे काही आले होते, आणि ते अण्णालाही आले होते हे मला त्याच्या तोंडावर दिसत होते. तिथून आमचा आनंद सारखा झाला आणि दुसरे जे होते तेही सारखे झाले.

ढाल गावात आली ती तिसऱ्या घरात गेली. जो मान बजावील त्याच्या घरी मानाची वस्तू, हे ठरलेलेच आहे. दिवटी टांगायच्या खुंटीवरच त्यांनी ती टांगली. गोलकीपरची आई ती चिंचेने घासते, इतकी की रस्त्यावरून जाताना डोळ्यांवर तिरीप येते. माझा आणि अण्णाचा शेताचा रस्ता त्यांच्या दारावरूनच जातो. तो ओट्यावर बसून कोणाला तरी सांगत असतो, "त्यो इकडं झेपावणार हे मला ठावं होतं, म्हणून मी मुद्दाम हळू मारली." पानवाला आता विडा त्याला देतो.

शिमग्याच्या वेळी सोयर सरले होते. देवळात बैठक झाली तेव्हा अण्णा उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या सालापासनं पेनल्टी ज्याला पाडलं त्यानंच मारावी. देवाचा मान येगळा, खेळ येगळा. नडगी ज्याची त्याचा चेंडू."

हे वाक्य मी किती वर्षे घरात बोलत होतो. ते त्याच्या तोंडून, सगळ्या गावासमोर. मी लगेच म्हटले, "अण्णा बोलतोय ते बरोबर हाय." आम्ही दोघे एका बाजूने बोललो हे पाहून लोक चकित झाले. पुजाऱ्याला मात्र ते पटले नाही.

"ढाल कुणी आणली?" त्याने विचारले.

उत्तर खुंटीला टांगलेले होते.

"इतकी सालं पयल्या घरानं मारली, ढाल आली न्हाई," तो म्हणाला. "तिसऱ्या घरानं एकदा मारली, आली. देवानं दाखवून दिलंय. आता पेनल्टी दिवटीवाल्यांची. झालं." गोलकीपर तंबाखू मळत होता. त्याने हात जोडले आणि पुन्हा मळू लागला.

शिमग्यानंतर आम्ही बांध घातला. दर वर्षी त्याची माणसे वरून, माझी खालून असे काम चालते आणि दोन्हीकडून डोळे ताणलेले असतात. त्या वर्षी अण्णा आणि मी स्वतः कुदळी घेऊन रेघेवर होतो. भाऊ आणि पुतण्या माती आणून टाकत होते आणि पुढच्या वर्षी डेपोला कसे हरवायचे ते बोलत होते. आम्ही दोघे त्या गोलाबद्दल बोलत होतो.

"गवतात अडकला असता," अण्णा म्हणाला. "त्या जागी गवत असतं तर अडकलाच असता."

"मी खत पसरताना ती जागा साफ केलती. म्हणून गेला."

"म्हणजे तुझ्या खतामुळं."

"आणि माझ्या भावाच्या नडगीमुळं."

"नडगी तुमचीच," तो म्हणाला. "चारदा तुमची, पाचव्यांदाबी तुमची. मी न्हाई म्हटलंय कधी?"

त्याने कधी व्हय म्हटले नव्हते. पण मी ते बोललो नाही. इतकी वर्षे वाट पाहिलेले वाक्य मिळाले आणि ते घेऊन कुठे ठेवावे तेच कळेना.

तेवढ्यात रस्त्यावरून गोलकीपर चालला होता. थांबून ओरडला, "काय, बांध घालतासा व्हय? जरा पोकळच घाला. पुढच्या साली परत काढायचाय. माझ्या चालायच्या वाटेत येतोय त्यो!"

आम्ही दोघांनी मान खाली घातली आणि कुदळी चालवल्या. तो हसत गेला.

"वाट म्हणे," अण्णा पुटपुटला.

"एकदा चालला, त्याची वाट झाली," मी म्हटले.

बांध संध्याकाळी पुरा झाला. मी सवयीने एका टोकाला उभा राहून डोळा लावून पाहिले. बोलण्याच्या नादात मधोमध तो अर्धा हात माझ्या शेतात आला होता. अण्णाही माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि त्यानेही डोळा लावला.

"अर्धा हात तुझ्यात गेलाय, तम्मा," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे काय? उद्या बघू?"

"आत्ताच बघू," मी म्हटले.

आम्ही दोघांनी पुन्हा कुदळी उचलल्या.